डावा कान राहिला

त्या शनिवारी दुपारपर्यंत तीन बाळं तपासून झाली होती आणि चौथं झोपायला तयार नव्हतं. आमच्या कामात बाळ झोपलं नाही तर काहीच होत नाही. कानात बारीक टिकटिक सोडायची आणि कपाळावर, कानामागे चिकटवलेल्या तारांमधून मेंदू तिला काय उत्तर देतो ते पडद्यावर पाहायचं. बाळाने नुसती मूठ आवळली तरी रेघ विस्कटते. म्हणून आधीच बजावलेलं असतं की सकाळी झोपू देऊ नका, इथे आल्यावर दूध पाजा. पण बाळं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"मावशींना बोलवा," मी दारातून सांगितलं.

मावशी म्हणजे आमच्या विभागातली आया. फरशी पुसणं, चादरी बदलणं हे तिचं कागदावरचं काम. खरं काम बाळं झोपवण्याचं. ती माझी आई होती, आणि हे विभागात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे निभावलं. मी नोकरीला लागले त्या दिवशी तिनेच सांगितलं होतं, "तिथे मी मावशी आणि तू मॅडम. आयेची मुलगी वशिल्याने लागली, असं कुणी म्हणायला नको." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की ती क्षणभर थांबली. मग हसून म्हणाली, "बघ, शोभतेस हो मॅडम." त्याला सहा वर्षं झाली.

ती आली. हात धुऊन तिने खांद्यावर स्वच्छ फडकं टाकलं आणि बाळाला उभं धरून छातीशी लावलं. ती गाणं म्हणत नसे. ओठ मिटून एकच सूर घोळवत राही. "ज्याला ऐकू येत नाही, त्यालाही छातीतली गुणगुण लागते," असं म्हणायची. मी पुस्तकं बरीच वाचली आहेत, हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

बाळाची आई कोपऱ्यात नखं खात बसली होती. त्याची आजी मात्र बोलकी.

"मावशी, तुमच्या हाताला गुण आहे बाई. मुलं किती तुम्हाला?"

"एकच. मुलगी."

"काय करते?"

मी त्याच बाळाच्या कपाळावर तार चिकटवत होते. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मशीनवर असते," ती म्हणाली.

"कारखान्यात?"

"तसंच काहीसं. जेवायची शुद्ध नसते बघा तिला. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

तिला मजा वाटत होती, मला कळत होतं. मलाही हसू यायला हवं होतं. पण मी दमले होते.

"मावशी, गप्पा पुरे. दिवा बंद करा," मी म्हणाले.

तिने दिवा बंद केला.

उजव्या कानाची रेघ मोठ्या आवाजालाही सपाटच राहिली. डाव्याला सुरुवात करणार तोच बाळ जागं झालं आणि त्याने अख्खा मजला डोक्यावर घेतला. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. वहीत लिहिलं, डावा कान राहिला.

निघताना माझी आई दारात थांबली. "मॅडम, उद्या सुट्टी आहे. जरा झोपा."

मी वहीतून मान वर न काढता 'हं' म्हटलं.

रविवारी सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. वाळलेले कपडे काढता काढता आई गेली होती. निम्मे कपडे दोरीवर तसेच होते. ते मी काढले, घड्या घातल्या. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

विभागात मी तापाचं कारण सांगून रजा टाकली. दोन आठवड्यांनी परत गेले तेव्हा कारकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही नव्हतात तेव्हा फार वाईट झालं. आपल्या मावशी गेल्या."

"कळलं," मी म्हणाले.

"मुलगी आहे म्हणे त्यांना एक. बिचारीला भेटून यायला हवं कुणीतरी."

मी खोलीचं कुलूप उघडलं.

पुढच्या आठवड्यात ते बाळ आलं. नव्या आयेची नेमणूक झालेली नव्हती. त्याच्या आईने पाजलं, थोपटलं, फेऱ्या मारल्या. त्याचं रडणं थांबेना.

"मावशी कुठायत?" आजीने विचारलं. "हा त्यांच्याशिवाय झोपायचा नाही."

"त्या वारल्या," मी म्हणाले.

आजी खाली बसली. थोड्या वेळाने मीच बाळाला घेतलं. हात धुतले होते, फडकं टाकायचं विसरले. उभं धरून छातीशी लावलं आणि ओठ मिटून सूर धरायला गेले, तर घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा धरला. वीसेक मिनिटांनी त्याचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. ते ओझं तिने दिवसातून चार-पाच वेळा वाहिलेलं होतं, फरशी पुसून झाल्यावर.

त्याला त्याच्या आईच्या मांडीवर दिलं, तारा लावल्या, उठून स्वतःच दिवा बंद केला.

डाव्या कानाची रेघ मोठ्या आवाजाला उठली. आवाज कमी केला, तरी उठली. आणखी कमी केला. लाट लहान झाली, उशिरा आली, पण आली. त्याखाली मात्र काही नाही. मी दोनदा पडताळून पाहिलं.

"या कानाने ऐकतो," मी सांगितलं. "कमी ऐकतो, पण ऐकतो. लवकर यंत्र लावलं तर बोलायलाही शिकेल. पुढचं डॉक्टर सांगतील."

त्याची आई रडायला लागली, बाळ हलू नये म्हणून जराही न हलता. आजीने डोळे पुसले.

"मावशींना सांगायचं राहिलं हो. त्यांच्या मुलीला तरी कळवा. मशीनवर असते ना ती?"

मी दिवा लावला, दार उघडलं. समोर कारकून कागद लावत बसला होता.

"तिला कळलंय," मी म्हणाले. "मीच ती मुलगी. मावशी माझी आई होती."

कारकुनाने मान वर केली. मी आवाज खाली आणला नाही.

"माझी आई होती ती," मी म्हणाले.