अण्णांच्या इंजिनावरचे थर

सगळ्यात वरचा: काळा. गेल्या खंडेनवमीचा.

अण्णा, म्हणजे विष्णुपंत, दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून हातभर लांबीचं इंजिन केलं आणि पुणतांब्याच्या घरात दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर ते पूजेला मांडलं. पूजेआधी रंगाचा एक हात. जुना रंग कधी खरवडला नाही. यंदा, बहात्तरच्या दुष्काळात, त्यांना दिसेनासं झालं होतं, पोटात गाठ होती, आणि डॉक्टर मुलाला, शामकांतला, बाजूला घेऊन म्हणाले होते, दिवाळीपर्यंत.

खालचा: हिरवा. त्याखाली तांबडा. त्याखालचे कोण मोजतो.

अण्णांची बोटं दिवसभर इंजिनावरून फिरत. "शाम, इथं रिव्हेट होते रे. टाचण्यांची डोकी, एकेक कथलाचा डाग देऊन बसवलेली. आता लागत नाहीत."

रंगाखाली बुजले होते. शामकांतनं मनाशी धरलं, एकदा ते वडिलांच्या बोटांना लागू द्यायचे. सगळा रंग उतरवायचा, मग एकच पातळ हात मारायचा. अण्णांना सांगितलं नाही. नवमीच्या आदल्या दुपारी ते झोपले तसं यानं इंजिन कॉस्टिक सोड्याच्या घमेल्यात बुडवलं.

रंग फुगला. आता धुवायचं.

"पाणी?" त्याची बायको दमयंती म्हणाली. "इंजिनाला?"

"दोनच कळशा."

"दोनच. नदीत झरा उकरून वाटीवाटीनं भरते मी. त्याला म्हणावं, घे कळशी, लाग रांगेला. उद्या सकाळी टँकर येतोय. तोवर भिजू दे, पळून जात नाही."

इंजिन ते. पळालं नाही.

थर: नाही.

सकाळी काठी घातली तर रंग सालीसारखा निघाला आणि हातात पत्रा आला तो चाळणी होऊन. गंजून कधीच संपला होता. इतकी वर्षं रंगानंच इंजिन धरून ठेवलं होतं. सोड्यानं डागही सुटले होते. तळाशी टाचण्यांची डोकी.

पाटावर पक्कड, पाना, हातोडा मांडून झाले.

"इंजिन दे," अण्णा म्हणाले.

शामकांतनं वाटी दिली.

"मोहरी का ही?"

"तुमचे रिव्हेट, अण्णा. मी रंग काढायला गेलो."

अण्णा म्हणाले, "पत्रा पाचव्या वर्षीच गेला होता. म्हणून तर खरवडत नव्हतो. विचारायचंस."

त्यांनी बोटं वाटीत घातली. एकेक डोकं चिमटीत धरून, फिरवून, मांडीवरच्या पंच्यावर ठेवू लागले. पूजा तशीच राहिली.

"काय शोधताय?"

"एक वाकडी बसली होती. डाव्या अंगाला, धुरांड्याखाली. तेवढी लागते का बघतो."

दुपार झाली. पत्र्यावरून सुटल्यावर त्यांतली एकही वाकडी उरली नव्हती. सगळी सारखीच. शामकांत शेजारी बसून होता. त्यानं ते सांगितलं नाही.