तुरुंगाच्या दाराशी टोफू

मुलांनो, कल्पना करा. कडाक्याच्या थंडीची सकाळ आहे. तुरुंगाच्या लोखंडी दारासमोर तुम्ही आजीचा हात धरून उभे आहात. आजीच्या डब्यात टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या पनीरची, पांढरीशुभ्र वडी आहे. सुटलेल्या माणसाने दारातच ती खाल्ली, की तो पुन्हा आत जात नाही म्हणतात.

सेबोम अशीच उभी होती. तिचा बाप डोकशिक तिसऱ्यांदा सुटत होता. मागच्या खेपेला सुटल्यावर आजीने दारू आणू दिली नाही, म्हणून त्याने तिचं मनगट मोडलं होतं. मग स्वतःच टॅक्सीने दवाखान्यात नेलं आणि वाटेत ड्रायव्हरला विनोद सांगून हसवलं. सेबोमला ते विनोद अजून आठवत.

सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या बाईंनी आजीला बजावलं होतं, "केल्याचं त्याला काहीच वाटत नाही. त्यात दारू, जुने मित्र. अशी माणसं लवकर परत आत येतात. सुटलेल्यांच्या वसतिगृहात जागा आहे. तुम्ही फक्त त्याला घरी न्यायला नाही म्हणा."

आजी म्हणाली होती, "बघते."

दार उघडलं. डोकशिक हसत आला, टोफू खाल्ला आणि रुमाल डोळ्यांना लावला.

"आई, किती वाळलीस गं. मनगट कसंय?"

"थंडीत ठणकतं."

"वय झालं आता. त्या दिवशी पडलीस तेव्हा मी होतो म्हणून बरं."

"आजी पडली नव्हती," सेबोम म्हणाली.

"वा, वकिलीणबाई! एवढीशी होतीस, तुला काय आठवतंय?" रुमाल कोरडाच होता. आमटीत मीठ पुरेसं झालं का हे चाखून पाहावं, तसा तो आजीचा चेहरा बघत होता.

सेबोमने आजीची बाही ओढली. "वसतिगृहाचं सांग ना."

आजी त्याच्या पातळ जाकिटाकडे बघत राहिली. "घर तापवून ठेवलंय," ती म्हणाली. "चल. पण मित्रांकडे जायचं नाही."

"कसले मित्र? फोन दे जरा."

चार पावलं लांब जाऊन तो बोलला, "सुटलो रे. संध्याकाळी ये, बाटली घेऊन."

आजीला ऐकू गेलं. ती डब्याचं झाकण लावत राहिली.

बसमध्ये मागच्या लांब बाकावर तो आजीच्या दुखऱ्या हाताच्या बाजूला बसला. सेबोम उठली, दोघांच्या मधल्या फटीत घुसली आणि आजीचं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.