बॉनेटवरची जहाजं

मुलांनो, डोळे मिटा बरं क्षणभर. मिटलेत? चोरून बघायचं नाही हं. आता पाण्याचा एक थेंब डोळ्यांसमोर आणा. एका गर्द निळ्या गाडीच्या बॉनेटवर तो पडलाय, पण पसरलेला नाही. वाटाण्यासारखा गोल होऊन टुम्मकन उभा राहिलाय. तुम्ही हळूच त्याच्याजवळ तोंड नेता. आत काय दिसतं? सगळं आभाळ. एक उलटं घर, त्याच्या उलट्या गच्चीवर वाळत घातलेली उलटी चादर. आणि मधोमध बटाट्याएवढं एक नाक. ते तुमचंच.

अशा थेंबांकडे तासन्‌तास बघत बसणारी एक मुलगी होती. तिला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती चणीने एवढीशी होती आणि सतत कशाच्या तरी मागे असायची. मुंगीला मात्र थेंबांत नाक दिसायचं नाही. तिला जहाजं दिसायची.

त्याचं कारण तिची आई. आई मोठ्या मालवाहू जहाजावर यंत्रं सांभाळायची. एकदा गेली की कितीतरी महिने पाण्यावर. या खेपेला निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने घरापुढच्या झाडाखाली गाडी उभी केली, धुतली, पुसली आणि डब्यातलं मेण काढून छतापासून दारांपर्यंत सगळीकडे लावलं. मुंगी शेजारी उकिडवी बसली होती. तिचा ओठ थरथरतोय हे आईने बघितलं. मग ओंजळीत पाणी घेऊन तिने बॉनेटवर शिंपडलं, तर बॉनेटभर गोल गोल थेंब उभे राहिले.

"बघितलंस?" आई म्हणाली. "हे मेण उतरायच्या आत मी परत येते. मग तर झालं?"

मोठी माणसं असं बोलून जातात आणि विसरतात. लहान माणसं ते गाठीला बांधून ठेवतात. मुंगीने तर निरगाठ मारली.

दुसऱ्या दिवसापासून तिने गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. धुतली की मेण जाणार, मेण गेलं की आईचं येणं गेलं, असा तिचा सरळ हिशोब. बाबा बादली घेऊन आले की ती गाडीपुढे हात पसरून उभी राहायची. गाडीवर धूळ चढत गेली. शेवटी मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने लिहून ठेवलं, 'मला आंघोळ घाला'.

ते वाचून आजोबा हसले. आजोबा म्हणजे आईचे वडील. मुंगीने आपला हिशोब एकट्या त्यांनाच सांगितला होता. आयुष्यभर त्यांनी लाकडी कपाटांना आणि टेबलांना पॉलिश केलं होतं. आता गुडघे कुरकुरायचे, पण बोटं अजून शाबूत होती.

"मुंगे, तू मेण राखतेयस की धूळ?"

"मेण. पाणी लागलं की जाईल ना ते!"

"पाण्याने जात नाही गं. ही बघ, पक्ष्याने इथे आपली सही करून ठेवलीय. ही तशीच राहिली तर मेण खाईल, मग रंग खाईल. धुवायचं नाही असं नसतं. नीट धुवायचं असतं."

आणि मग दर रविवारी सकाळी त्या दोघांचा कार्यक्रम ठरून गेला.

ऊन चढायच्या आत, झाडाच्या सावलीत. आजोबा आधी तळहात बॉनेटवर ठेवून बघायचे. गार लागलं तरच सुरुवात. "गरम पत्र्यावर पाणी आपल्या डोळ्यांदेखत वाळतं. आणि नळाचं पाणी दिसतं नितळ, पण त्याच्या पोटात क्षार असतात. थेंब उडून जातो, क्षार मागे राहतात. पाहुणे गेले की पेल्याचा ओला ठसा टेबलावर राहतो ना, तसा डाग. टेबलावरचा मी घालवीन, गाडीवरचा हट्टी असतो."

आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, कारण कोरडी धूळ घासली की ती वाळूच्या कागदासारखी ओरखडते. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा सौम्य शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा फेसात बुडवायचा, गाडीवरून अलगद फिरवायचा, साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती सोडवायची, आणि मगच पुन्हा फेसात. वरून खाली, छत आधी. चाकांसाठी वेगळं फडकं, ते चुकूनही वर न्यायचं नाही. "पायपुसण्याने तोंड पुसतेस का तू?" आजोबा विचारायचे, आणि दर रविवारी त्याच विनोदाला मुंगी तितकीच हसायची.

फेस वाळायच्या आत धुवायचा. शेवटी नळीचं तोंड काढून पाणी नुसतं सोडून द्यायचं, म्हणजे त्याची एक चादर होऊन ती घसरत जाते आणि जाताना बरेचसे थेंब बरोबर घेऊन जाते. उरतील ते मोठ्या मऊ पंचाने टिपायचे. घासायचं नाही. पंचा पसरायचा, हलकेच ओढायचा.

पण टिपायच्या आधी आजोबा गप्प उभे राहायचे, पंचा खांद्यावर टाकून. ही मुंगीची वेळ. ती बॉनेटला हनुवटी टेकवायची. डोळे अर्धे मिटले की निळा पत्रा समुद्र व्हायचा आणि थेंबाथेंबांत जहाजं हलायची. सगळ्यांत मोठ्या थेंबात आईचं जहाज. आत दिवा लागलेला असायचा. आई हाताला तेल माखलेली, यंत्राला कान लावून उभी. मुंगी हळूच फुंकर घालायची, आणि जहाज घराच्या दिशेने बोटभर सरकायचं.

"झालं का जहाज पुढे?" आजोबा विचारायचे.

"झालं."

"मग टिपू. नाहीतर बंदरातच डाग पडेल."

असे कितीतरी रविवार गेले. थेंब पूर्वीइतके उंच उभे राहात नव्हते, जरा बसके झाले होते. मुंगीच्या ते लक्षात आलं होतं. आजोबांच्याही. दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती.

मग एका संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज मध्येच तुटत होता. आधी बाबा बोलले, 'बरं', 'हो', 'अगं पण', पुन्हा 'बरं'. मग त्यांनी फोन मुंगीच्या कानाला लावला.

"मुंगे, ऐक. माझ्या जागी यायचा तो माणूस आजारी पडलाय. मला अजून थोडे दिवस थांबावं लागणार."

मुंगीने एकच विचारलं, "मग मेण?"

"कसलं मेण, बाळा?" आई म्हणाली, आणि फोन तुटला.

त्या दिवशी मुंगी जेवली नाही. काय झालं म्हणून विचारलं तर पांघरुणात शिरली. तिचा तो मिटलेला चेहरा बघून बाबांचा जीव तीळतीळ तुटला.

बाबांची कोपऱ्यावर छोटी बेकरी होती. माणूस सोन्यासारखा, पण घाई फार. दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेत आणि आजोबा दात दाखवायला गेलेले असताना त्यांनी ठरवलं, पोरीसाठी गाडी अशी चकाचक करायची की ती बघतच राहील. भर दुपारी त्यांनी गाडी उन्हात घेतली, सावलीत नीट दिसत नाही म्हणून. आणि बेकरीतून आणला साबण. भट्टीतून निघणारे लोण्या-तेलाने माखलेले ट्रे ज्याने धुतात, तो. त्या साबणापुढे कसलीही चिकटाई टिकत नाही.

मुंगी घरी आली तेव्हा बाबा हात पुसत उभे होते. आजोबाही नुकतेच फाटकाशी पोचले होते.

"बघ कशी झालीय!" बाबा म्हणाले.

मुंगीने बघितलं. गाडीभर पांढरट गोल ठिपके उमटले होते. एवढे डाग तिने कधीच पाहिले नव्हते. ती नळाशी गेली, ओंजळ भरून आणली आणि बॉनेटवर टाकली.

एकही थेंब उभा राहिला नाही. पाणी आडवंतिडवं पसरलं आणि फतकल मारून बसलं.

तिने दुसरी ओंजळ आणली. तिसरी आणली. समुद्रावर एकही जहाज नव्हतं.

आजोबांनी ओल्या बोटाने पत्रा चोळला. कुर्र असा आवाज झाला. "जावईबापू, कशाने धुतलीत?"

"ट्रेच्या साबणाने. का हो, मामा? त्याने तर सगळं लख्ख निघतं."

"निघालंच की. सगळं निघालं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

"आता आई येणार नाही!" मुंगी एकदम ओरडली. "मेण उतरायच्या आत येते म्हणाली होती. तुम्ही उतरवलंत! तुम्हीच!" आणि ती गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन तोंड खुपसून पडली.

बाबा जागच्या जागी उभे राहिले. इतके महिने पोर गाडीपुढे हात पसरून का उभी राहात होती, ते त्यांना आत्ता कळलं. मग तेही आत गेले आणि तिच्या पायाशी अवघडून बसले.

"मुंगे, चुकलं माझं. मला वाटलं, तुला हसू येईल."

"नाही आलं," उशिरा उत्तर आलं.

"दिसतंय ते."

थोड्या वेळाने आजोबाही कण्हतकुथत पुढच्या सीटवर येऊन बसले. बाहेर ऊन उतरत होतं. डागाळलेल्या काचेतून आत येणाऱ्या उजेडाचे ठिपके तिघांच्या अंगावर पडले होते, जणू तिघंही कुठल्यातरी पाण्याच्या तळाशी बसलीत.

"मुंगे," आजोबा समोर बघत म्हणाले, "ट्रेच्या साबणाने झटकन गेलं, पण एरवीही ते हळूहळू गेलंच असतं. थेंब बसके झाले होते, माहीत होतं ना तुला?"

मुंगीने मान हलवली. होती तशीच, तोंड खुपसून.

"मेण असतंच त्यासाठी. ऊन, धूळ, पाणी आधी ते स्वतःवर घेतं आणि झिजतं. ते जपून ठेवायची वस्तू नाही. त्याने गाडी जपायची असते. ते संपलं म्हणून तुझी आई संपत नाही. ते संपलं की पुन्हा लावतात, बस. तुझी आई मला लहानपणी कपाटं घासू लागायची. तिलाही हे ठाऊक आहे."

"पण पुन्हा लावणार कोण?"

"माझे गुडघे नाहीत लावणार. आणि तुझ्या बाबांना आज मी गाडीला हात लावू देणार नाही."

बाबा म्हणाले, "मी पाणी भरू का?"

"भरा. आणि बेकरीतून थोडं व्हिनेगर आणा. साबण आणू नका!"

मुंगीला हसू आलं. तिने ते सीटमध्ये लपवलं, पण खांदे हलले.

गाडी सावलीत आली. पत्रा गार होईपर्यंत आजोबांनी कुणाला हात लावू दिला नाही. मग पाण्यात व्हिनेगर मिसळून एकेका डागावर ओलं फडकं ठेवलं, डाग विरघळले की लगेच धुतलं. मग नेहमीच्या दोन बादल्या, पाण्याची चादर, पंचा. गाडी कोरडी झाली तेव्हा आजोबांनी मेणाचा डबा मुंगीच्या हातात दिला.

तिने झाकण उघडलं आणि थबकली. मेणावर आईने स्पंज फिरवला होता त्याचं गोल चक्र अजून तसंच होतं. मधोमध खोल, कडेला उथळ, जसं पाण्यात फिरलेल्या नावेमागे उरतं.

"हे मोडेल," ती म्हणाली.

झाडावरून एक पान गिरक्या घेत खाली आलं. मुंगीने स्पंज घेतला, आईच्या त्या चक्रात बरोबर बसवला, आणि आई ज्या बाजूने फिरली होती त्याच बाजूने फिरवला.

"पातळ लाव," आजोबा म्हणाले. "कंजूस माणूस पावाला लोणी लावतो तसं."

"आमच्या बेकरीबद्दल काही बोलायचं नाही," बाबा म्हणाले.

थोडं थोडं, हातभर जागा एका वेळी. लावायचं, वाळून धुकं धरू द्यायचं, मऊ फडक्याने पुसायचं. धुक्याखालून निळा रंग वर यायचा, पहाटे समुद्र दिसू लागतो तसा. छतासाठी बाबांनी तिला खांद्यावर घेतलं. बॉनेट झालं, डावी बाजू झाली, मागचं झालं. मुंगीने ओंजळ भरून बॉनेटवर शिंपडली. टुम्मकन सगळे उभे राहिले. मोठ्या थेंबात दिवा लागला होता. कदाचित ती रस्त्यावरच्या खांबाची बत्ती असेल. मुंगीने फुंकर घातली.

"आता फोन लागला की सांगते तिला," ती म्हणाली. "हे मेण मी लावलंय म्हणून."

आता फक्त एक दार उरलं होतं, गाडी चालवणाऱ्याच्या बाजूचं. आई तिथे बसायची. डब्यात त्यापुरतं मेण होतं.

"चल, तेवढं उरक," बाबा म्हणाले. "अंधार पडेल."

मुंगी त्या दारापाशी गेली. तिने त्याच्यावर ओला तळहात टेकवला, आणि उमटलेला ठसा लगेच पंचाने टिपून घेतला. मग "हे आईचं," म्हणत डब्याचं झाकण घट्ट लावलं. दार उघडलं, डबा आईच्या सीटवर ठेवला, त्यावर घडी करून मऊ फडकं ठेवलं, आणि आवाज न करता दार लावून घेतलं.