लायसन्सवरचा शेरा

लढाई संपली आणि आकाराम ब्रह्मदेशातून परत आला. पलटणीत त्यानं चिखलातून, डोंगरातून लष्करी ट्रक हाकले होते. सुटताना मिळालेल्या पुस्तकात वर्तणूक उत्तम असं लिहिलेलं होतं. तेवढ्यावर सांगलीच्या बाळगोंडा पाटलांनी त्याला आपल्या गुळाच्या लॉरीवर ठेवला. बाळगोंडा जैन, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला माणूस. पितोस का, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानंही आपण होऊन सांगितलं नाही.

सत्तेचाळीसच्या मार्चात साताऱ्याला गूळ उतरवल्यावर त्याला पलटणीतला जोडीदार भेटला. भर दुपारी दोघं गुत्त्यात बसले. लढाईवर रम सरकारच द्यायचं, आणि ती पिऊन ट्रक हाकताना आकारामला कुणी हटकलं नव्हतं. त्याच सवयीनं तो उठून लॉरीत बसला. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर लॉरी समोरच्या बैलगाडीवर गेली. गाडीचं चाक मोडलं, बैल उधळले, आणि गाडीवान नानासो ओघळीत जाऊन पडला. खरचटण्यावर निभावलं.

पोलिसांनी आकारामला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, फरशीवर खडूची रेघ ओढली आणि तिच्यावरून चालायला सांगितलं. तो छाती काढून कवायतीसारखा चालला. मागं वळून बघितलं, तर रेघ हातभर बाजूला राहिली होती.

खटल्याच्या दिवशी वकील त्याला व्हरांड्यात म्हणाला, "दाढ दुखत होती, म्हणून ब्रँडीचा बोळा धरला होता, असं सांग."

आकारामनं दाराआडून आत बघितलं. कोपराला पट्टी बांधलेला नानासो साक्षीला येऊन बसला होता.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "त्या माणसानं मला लॉरीतनं झोकांड्या खात उतरताना बघितलंय."

त्यानं गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटनी लष्कराचं पुस्तक चाळलं.

"तिकडंही पिऊन चालवायचास?"

"व्हय, साहेब."

"तिकडं रस्त्यावर बायकापोरं नव्हती."

पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंग टळला. दंड झाला, लायसन्स सहा महिने कोर्टात जमा झालं आणि त्यावर दारू पिऊन चालवल्याचा शेरा पडला. पुन्हा आलास तर आत जाशील, एवढं सांगून त्यांनी पुढचं नाव पुकारायला लावलं.

घरी त्याची बायको मनुबाई रागावली नाही. "आता काय करनार?" एवढंच तिनं विचारलं.

बाळगोंडांनी लॉरीवर कृष्णात नावाचा दुसरा ड्रायव्हर घेतला आणि आकारामला गुळाच्या ढेपा चढवायच्या कामावर ठेवला. पावसाळ्यात कृष्णात तापानं पडला. माल भरून लॉरी पेठेत उभी.

"स्टेशनपतोर घेऊन जा," बाळगोंडा म्हणाले. "निकाल साताऱ्याच्या कोर्टाचा. हितं सांगली संस्थानात कोन इचारतंय?"

"आवं पाटील, इचारलं तर दावू काय?"

"मी हाय न्हवं?"

"तुमी असाल वो. आत मला जावं लागंल."

बाळगोंडांनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. माल बैलगाड्यांनी गेला.

सहा महिन्यांनी लायसन्स परत मिळालं. लॉरी कृष्णातकडंच राहिली. कृष्णातचं काहीच चुकलं नव्हतं. आकाराम साताऱ्याच्या एका मोटार कंपनीत गेला. मॅनेजरनं लायसन्स उघडलं, तांबड्या शाईतला शेरा वाचला आणि मिटून परत दिलं. आणखी दोन ठिकाणी तसंच झालं.

दिवाळीनंतर बाळगोंडांनी एक जुनी लॉरी विकत घेतली.

"तुझ्या लायसनात काय लिवलंय ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "चालवतोस का?"

दारू त्यानं सोडली असं नाही. घरी असला की कधी घ्यायचा, मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लॉरीला हात लावायचा नाही. मनुबाईला हे पुरेसं वाटायचं नाही.

पुढं कऱ्हाडच्या नाक्यावर एका हवालदारानं लायसन्स बघितलं, शेऱ्यावर बोट ठेवलं आणि त्याला खाली उतरवलं.

"तोंड उघड."

आकारामनं तोंड उघडलं. हवालदारानं वास घेतला, दारूचा आला नाही, तसं लायसन्स परत दिलं. ते खिशात घालून आकारामनं क्लीनरला हँडल मारून लॉरी चालू करायला सांगितलं.