शेवटचा घोट

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. तुमच्या दप्तरात असते तशी रंगीत नाही. मी ॲल्युमिनियमची, पोटाने चपटी, कमरेला लावली की अंगाला चिकटून बसणारी. झाकण साखळीने माझ्या गळ्याशी बांधलेलं आहे, म्हणून ते आजवर हरवलं नाही. उजव्या कुशीला एक पोचा आहे. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही. तो नसता तर मला घर मिळालं नसतं.

माझ्यासारख्या कितीतरी बाटल्या एकाच साच्यातून निघाल्या आणि खाकी लोकरीचे अंगरखे घालून पलटणीत दाखल झाल्या. मी ज्याच्या वाट्याला आले, त्याला नुकतीच मिसरूड फुटत होती. तोच माझा मालक. पहिल्या लांबच्या चालीत उन्हं चढायच्या आत त्याने मला गटागटा पिऊन रिकामं केलं. हवालदाराने मला कानाशी धरून हलवलं. आत काहीच वाजलं नाही. तो ओरडला नाही. म्हणाला, "शेवटचा घोट बाटलीत राहू दे. मुक्कामाला पोचलास की तो तुझा. तोवर कोणाच्या उपयोगाला येईल, सांगता येत नाही."

मालकाने ते मनाशी पक्कं बांधून घेतलं. त्या दिवसापासून मुक्काम येईपर्यंत माझ्या तळाशी एक घोट डुचमळत असायचा.

पुढे एका डोंगरउतारावर मालकाचा पाय घसरला. तो खडकावर आदळला, पण मध्ये मी होते. त्याचं हाड वाचलं, माझी कूस दबली. फौजेतून निघताना त्याने सगळं सामान जमा केलं, तेव्हा कोठारवाल्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "ही पोचेवाली मी घेणार नाही. तुलाच लखलाभ." मालकाने मला असं काही छातीशी धरलं की जणू बिल्लाच मिळाला.

मग तो कोळशाच्या खाणीत लागला. लोखंडी पिंजऱ्यातून खाली उतरायचं, टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात कोळसा फोडायचा आणि ड्युटी संपली की वर यायचं. वर येताना सगळ्यांचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. सगळेच काळे, म्हणूनच की काय, मालकाच्या सर्वांत सावळ्या जोडीदाराला खाणीत गोरा म्हणत. त्याच्या बायकोलाही लोक गोऱ्याची बायको म्हणू लागले, तेव्हा ती महिनाभर चिडून होती म्हणतात. खाणीतही मालकाचा नियम तोच. पिंजऱ्यातून बाहेर पाऊल टाकलं, आभाळाकडे एकदा पाहिलं, की तो शेवटचा घोट प्यायचा.

एकदा छत कोसळून वाट बंद झाली. मालक, गोरा आणि आणखी काही जण पलीकडे अडकले. दिवे वाचवायचे म्हणून एकच पेटता ठेवला होता. मालक माझ्या झाकणाने पाणी मोजून देत होता. गोऱ्याने हात जोडून तो शेवटचा घोटही मागितला. मालक म्हणाला, "तो वर गेल्यावर. आणि आपण वर जाणार आहोत." बाहेरच्यांनी वाट मोकळी केली तेव्हा तो घोट जागेवर होता. आभाळाखाली आल्यावर मालकाने तो गोऱ्याच्या तोंडात ओतला. त्यानंतर बरेच दिवस खाणीतले लोक येता जाता मला थोपटत असत. मीही जरा फुशारले होते.

मालक निवृत्त झाला. मी त्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर आले. आता कुठे चालणं नव्हतं, कुठे उतरणं नव्हतं, तरी तळाशी एक घोट उरायचाच. सकाळी मालकीणबाई तो कुंडीत ओतायच्या आणि बडबडायच्या, "रोज शिळं पाणी ठेवायचं कशाला?" मालक हसून म्हणायचा, "अगं, ड्युटी कुठे संपलीय अजून?"

मग ती दुपार आली. मालकीणबाईंनी मला काठोकाठ भरलं आणि त्या औषध आणायला गेल्या. दवाखान्यात गर्दी होती. त्या परतल्या तेव्हा मालक गेला होता.

घरात माणसं जमली. लेक धावत आली. आवराआवरीत कोणीतरी मला उचलून माळ्यावर टाकलं. तिथे फुटक्या छत्रीशेजारी मी धूळ खात पडले. पण खाली काय चाललंय ते मला ऐकू यायचं. मालकीणबाईंना जेवण जात नव्हतं. "त्यांनी पाणी मागितलं असेल," त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. "हाका मारल्या असतील, आणि मी तिकडे रांगेत."

"आई, बाबा झोपेतच गेले," लेक म्हणायची.

"तू बघितलंस?"

लेकीने बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. पण मित्रांनो, आम्हा बाटल्यांना नुसतं तोंड असतं, जीभ नसते.

काही दिवसांनी मालकाची आठवण काढायला त्याचे जुने सोबती घरी जमले. पलटणीतले दोघे होते, खाणीतले बरेच होते. गोरा काठी टेकत आला. छत कोसळल्याची गोष्ट सांगता सांगता तो थांबला आणि त्याने विचारलं, "वहिनी, ती बाटली कुठाय?"

लेकीने मला खाली काढलं. मालकीणबाई घाईने म्हणाल्या, "उघडू नका भाऊजी. मी भरून ठेवली होती. तशीच भरलेली असली तर मला बघवणार नाही."

गोऱ्याने मला हवालदारासारखं कानाशी धरून हलवलं. मग झाकण फिरवलं. ते कसून लावलेलं होतं, मालकाच्या हाताने. त्याने मला सगळ्यांसमोर उलटं केलं. एक थेंब पडला नाही.

"वहिनी," गोरा म्हणाला, "तो पोटभर पाणी प्यायला. शेवटचा घोटसुद्धा प्यायला. म्हणजे पोचला तो."

खरंच तसंच झालं होतं. त्या दुपारी मालक शांतपणे उठून बसला होता. थांबत थांबत प्यायला. तळाचा घोट हलवून ऐकला, खिडकीतल्या आभाळाकडे पाहिलं आणि तोही घेतला. मग मला जागेवर ठेवून आडवा झाला. त्याने कोणालाही हाक मारली नव्हती.

मालकीणबाईंनी मला मांडीवर घेतलं. त्या खूप रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. लेकीने हळूच आणखी वाढलं, तेही त्यांनी खाल्लं.

मित्रांनो, आयुष्यभर मला भरलेलं असण्याचा अभिमान होता. रिकामं असण्याचा अभिमान त्या एकाच दिवशी वाटला. म्हणून तुम्हाला विनवते, घरातली जुनी वस्तू माळ्यावर फेकायच्या आधी एकदा हातात घ्या, उघडून बघा, तिच्याबद्दल कोणाला तरी विचारा.

आता मी पुन्हा स्टुलावर असते. मालकीणबाई मला राखेने घासतात, माझ्या उसवलेल्या अंगरख्याला टाके घालतात आणि रोज ताजं पाणी भरतात. सकाळी लेक विचारते, "आई, तळाला थोडं पाणी का ठेवतेस गं?"

त्या हसतात. म्हणतात, "राहू दे. माझी ड्युटी आहे अजून."