उजव्या बाजूच्या खाचा

मखमलाबादची भागुबाई झेंडू विकता विकता साऱ्या बाजाराला हसवायची, पण त्र्याऐंशी साली तिचं तोंडच मिटलं. गार पाण्याचा घोट घेतला की उजवीकडच्या दातांतून कळ थेट मस्तकात जायची.

नाशकातल्या दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "मावशी, कीड नाही. घासून घासून हिरडीलगत खाचा पडल्यात. सिमेंट भरावं लागेल."

"तोंडात घर बांधता का काय, डॉक्टर?"

डॉक्टर हसले, मग थबकले. "उजव्या हातानं घासणाऱ्याची डावी बाजू जास्त झिजते. तुमची उजवी झिजलीय. डावखुऱ्या आहात का?"

भागुबाईचं हसू तिथंच वाळलं. ती उजव्या हाताची. डावखुरी होती तिची सासू, नवसाबाई. नव्या नवरीला रोज सकाळी पाठमोरी बसवायची, मागून हनुवटी धरायची अन् डाव्या बोटानं कोळशाची पूड अशी रगडायची, जणू काळं पडलेलं पातेलंच घासतेय. "माझ्या सुनेचे दात कसे मोगऱ्याच्या कळ्यांवाणी दिसले पाहिजेत!"

पण नवसाबाईला जाऊन सात वर्षं झाली होती.

सिमेंट भरलं. घरातला कोळसा भागुबाईनं उकिरड्यावर टाकला. तरी रोज उठावं तो जिभेवर कोळशाची चव अन् हनुवटीवर काळ्या अंगठ्याचा ठसा. पंधरा दिवसांत सिमेंट गेलं, खाचा आणखी खोल झाल्या.

डॉक्टर वैतागले. "हे शेवटचं भरतोय. पुन्हा झिजलं तर दात मोडून हातात येतील." अन् त्यांनी एक मऊ ब्रश दिला.

घरी येऊन भागुबाई तडक सासूच्या फोटोपुढं उभी राहिली. आवाज बाजारातला लावला.

"आत्याबाई, दातच गेल्यावर काय हिरड्या घासाल? घासायचंच तर ह्यानं घासा. अन् हळू!"

ब्रश तिनं फोटोखालच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी उठली तर जिभेवर कोळसा नव्हता. फळीवरचा ब्रश मात्र ओला होता.

महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. सिमेंट जसंच्या तसं. "वा, मावशी! हात हलका झाला की. ब्रशची सवय लागली म्हणायची."

भागुबाईनं माठातल्या गार पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

"लागली ना. पण मला नाय, डॉक्टर. मी अजून बोटानंच घासते."