बाकी एक

श्रीगोंद्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सविताबाईंच्या मोबाईलमध्ये 'लंका' या नावाने एक नंबर वर्षभर पडून होता. तो लावला की अकोल्याचा कुणी गृहस्थ उचलायचा. पहिल्यांदा नीट बोलला, तिसऱ्यांदा खेकसला. तरी बाईंनी नंबर काही पुसला नाही. खुळ्या माणसाला कोण शहाणं करणार?

लंका ही ऊसतोडीवाल्यांची पोर. लहानपणी दरवर्षी पाथर्डीकडून आईबापाबरोबर कारखान्यावर यायची आणि हंगाम संपेपर्यंत सविताच्या बाकावर बसायची. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा नंबर बघायचा, आकड्यांची बेरीज करायची आणि त्याला नवाने भाग जातो का ते आधी कोण सांगतं, हा दोघींचा खेळ. भाग गेला की लंका टाळ्या पिटायची. सातवीनंतर तिच्या हाती कोयता आला. सविताचं पुढे चांगलं झालं, नवरा भला, लेकरं गुणी. पण आकड्याकडे बघून हसणारं माणूस तिला पुन्हा भेटलं नाही. ते दुःख तरी सांगायचं कुणाला?

गेल्या हंगामात बाजाराच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर पुढून गेला आणि मोळ्यांवरून लंकानेच हाक मारली. ट्रॅक्टर थांबेना. लंकाने दोन-दोन आकड्यांनी नंबर ओरडून सांगितला, सविताने धावत धावत तळहातावर लिहिला. शेवटी ती "नवऱ्यानं" असं काहीतरी ओरडली. नवऱ्याने फोन घेऊन दिला असेल, असं सविता समजली.

परवा सहावीच्या वर्गात बाई भागाच्या कसोट्या शिकवत होत्या. "या संख्येला नवानं..." एवढं म्हणाल्या आणि थबकल्या. लंका नवऱ्याचं बोललीच नव्हती. नवानं भाग जातोय, असं सांगत होती.

बाईंनी तो नऊशे कोटींच्या वरचा नंबर फळ्यावर मांडला आणि आकड्यांची बेरीज केली. पंचावन्न आली. चोपन्न असती तर नवाने भाग गेला असता. म्हणजे कुठेतरी एक जास्त पडला होता. मग एकेक जोडी त्यांनी लंकाच्या तोंडची आठवून पाहिली. लंका म्हणाली होती एकोणऐंशी आणि फळ्यावर होते ८९. ज्या चुकीसाठी वर्गाला रोज बोल लावायच्या, तीच बाईंनी स्वतः केली होती.

मधल्या सुट्टीत त्यांनी ७९ घालून नंबर लावला.

"सविता का गं?" पलीकडून आवाज आला.

"तुला कसं कळलं?"

"ह्यो नंबर तुझ्याबिगर कुनालाच दिल्याला न्हाई. मालक रोज म्हनायचं, तुला कोन फोन करतंय, कशाला उशाला घेऊन निजतीस."

वर्षभराची माफी मागता मागता बाईंना रडू आलं.

"रडू नगं," लंका म्हणाली. "बोल काय बी. लई दिस झालं, तुझा आवाज ऐकायचाय."